सहाशे व्होल्टचा डबा

या भागाच्या रेकॉर्डिंगमध्ये मागं सतत एक 'घूंऽऽ' असा आवाज येतोय, माइक बिघडलाय का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. माइक ठीक आहे. तो आवाज मुद्दाम ठेवला होता, कारण आजची सगळी गोष्ट त्या आवाजाचीच आहे. जे ऐकण्याऐवजी वाचतायत त्यांनी टेबलावर एक लोखंडी डबा आहे असं समजा. बुटांच्या दोन खोक्यांएवढा, वजन साधारण अठरा किलो. वर काचेची एक नळी लालसर उजळलेली, आणि आतून लोखंड गुणगुणतंय.

हा डबा मला करकंबच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर सापडला. करकंब म्हणजे पंढरपूर तालुक्यातलं मोठं बाजाराचं गाव. माझे चुलत आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तिथं रेडिओ आणि मांडवाचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे. मी सॉफ्टवेअरवाला. आबांच्या दुकानातलं मला काही कळत नव्हतं, आणि कळेपर्यंत आबा राहिले नाहीत. माळा आवरताना हा डबा खाली उतरवला तर त्याला सुतळीनं बांधलेली एक चिठ्ठी होती. सोलापूरच्या एका डॉक्टरांचं नाव, खाली 'ट्रान्समीटरची पॉवर सप्लाय', आणि एक शब्द: दुरुस्ती.

म्हणजे वस्तू आमची नव्हतीच. दुरुस्तीला आली होती आणि चाळीसेक वर्षं परत गेली नव्हती. खेड्यातल्या दुरुस्तीवाल्याची अब्रू दोनच गोष्टींवर असते: वस्तू सुधारली का, आणि परत दिली का. आबांची एक वस्तू राहून गेली होती.

शोध घेतला. डॉक्टर हॅम होते, म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, लायसन्स घेऊन स्वतःच्या ट्रान्समीटरवरून जगभर बोलणारे हौशी रेडिओवाले. ते वारले. पण त्यांची मुलगी सोलापुरात आहे, तिच्याकडंही लायसन्स आहे, आणि व्हॉल्व्हचा तो ट्रान्समीटर तिनं जपून ठेवलाय. फोनवर त्या म्हणाल्या, "अहो, त्याचा अर्धा भाग आम्ही हरवला समजत होतो!"

अर्धा भाग. हा शब्द बरोबर आहे. का, ते सांगतो.

तुमच्या मोबाइलच्या चार्जरमधून पाच-दहा व्होल्ट निघतात. व्हॉल्व्हचं तसं नाही. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची, हवा काढलेली नळी. आत एक तार तापते, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि समोरच्या पत्र्याकडं त्यांना ओढायला मोठा दाब लागतो. घरगुती रेडिओत अडीचशे व्होल्टपर्यंत भागतं. ट्रान्समीटरला पाचशे, सहाशे, हजार. हॅम लोकांचा लाडका ८०७ नावाचा व्हॉल्व्ह साधारण सहाशे व्होल्टवर चालायचा. भिंतीतून येतात २३० व्होल्ट, तेही एसी, सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाणारे. त्यांचे सहाशे करायचे, मग एकाच दिशेनं वाहायला लावायचे, मग सपाट करायचे. पहिलं काम ट्रान्सफॉर्मरचं, दुसरं रेक्टिफायर व्हॉल्व्हचं, तिसरं चोक आणि कपॅसिटरचं. ट्रान्सफॉर्मर आणि चोक म्हणजे लोखंडाच्या पट्ट्या आणि तांब्याची तार. ट्रान्समीटरचं वजन असतं ते मुख्यतः तिथं.

हे वजन लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर १९४२ च्या मुंबईत चला. जड लोखंड घेऊन घरं बदलणं म्हणजे काय, हे तिथं दिसतं.

१९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं तसं ब्रिटिश सरकारनं भारतातल्या हॅम लोकांना ट्रान्समीटर पोलिसांकडं जमा करायला लावले. तेव्हा देशभरात असे लायसन्सवाले पन्नासही नव्हते. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव' ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांचं तोंड बांधलं गेलं. तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता, बाबूभाई खाकर आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून गुप्त रेडिओ चालवला. काँग्रेस रेडिओ. राममनोहर लोहिया त्यात होते. शिकागो रेडिओ कंपनीच्या नानक मोटवानींनी मदत केली. हो, तीच शिकागो रेडिओ, जिचे कर्णे तुमच्या आजोबांनी सभांमध्ये आणि मांडवात पाहिले असतील. आणि यंत्राची बाजू सांभाळणाऱ्यांत होते नरिमन प्रिंटर, युद्धाआधीचे लायसन्सधारक हॅम.

केंद्राची लहर होती ४२.३४ मीटर. आपल्या भाषेत ७.०८ मेगाहर्ट्‌झच्या आसपास. आजही हॅम लोकांचा चाळीस मीटरचा पट्टा नेमका तिथंच आहे. म्हणजे देशासाठी बोलणारा तो आवाज हौशी लोकांच्या ओळखीच्या गल्लीतूनच गेला.

पोलिसांच्या गाड्या लहरीचा माग काढत फिरत होत्या, म्हणून केंद्र सारखं हलवावं लागे. चौपाटीवरचं सी व्ह्यू, लॅबर्नम रोडवरचं अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडचं लक्ष्मी भवन, गिरगावातली पारेख वाडी, महालक्ष्मीजवळचा पॅरडाइज बंगला. ही नावं वाचताना मी आधी फक्त थरार पाहायचो. डबा माळ्यावरून एकट्यानं उतरवल्यावर पहिल्यांदा जिने दिसले. व्हॉल्व्हचा कुठलाही ट्रान्समीटर एका घरातून दुसऱ्या घरात नेणं म्हणजे लोखंडाचे ठोकळे शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत चढवणं-उतरवणं. बरं, नुसतं पोचवून भागत नाही. त्या काळी मोठ्या ट्रान्समीटरना पाऱ्याची वाफ असलेले रेक्टिफायर वापरत. निळ्या उजेडाचे, दिसायला फार देखणे. असा व्हॉल्व्ह हलवला की आतला पारा इकडंतिकडं उडतो. नव्या जागी आधी नुसती तार तापवून, पारा खाली बसेपर्यंत थांबायचं. घाईत मोठं व्होल्टेज दिलं तर आत ठिणगी पडते आणि व्हॉल्व्ह जातो.

काँग्रेस रेडिओ जेमतेम अडीच महिने चालला. १२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडली. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या १९४६ मध्ये सुटल्या. पोलिसांना सुगावा त्यांच्याच तंत्रज्ञाकडून लागला, असं त्यांनी नंतर सांगितलं. मला हे खटकत राहतं. या सगळ्या गोष्टीत आवाज कोणाचा होता ते सगळ्यांना माहीत आहे. यंत्राजवळ बसणाऱ्यांपैकी आठवण राहिली ती फितुरीची. रोज संध्याकाळी ते यंत्र चालू राहावं म्हणून कोणी काय जपलं, हे सांगणारं फार कोणी नाही. इतिहासात दुरुस्तीला जागा कमी मिळते.

युद्ध संपलं, आणि जे ट्रान्समीटर जमा करून घेतले होते त्याच्या कितीतरी पट सामान बाजारात आलं. लष्करानं विकायला काढलेले रेडिओ, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, तेल भरलेले कपॅसिटर. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार, पुण्यात जुना बाजार. स्वातंत्र्यानंतर १५ मे १९४८ ला महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया सुरू झाला, तीच पुढची अमॅच्युअर रेडिओ सोसायटी. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह इथं बनवायला घेतले. पण तयार ट्रान्समीटर दुकानात मिळत नव्हता आणि परदेशातून आणणं परवडत नव्हतं. त्यामुळं आपल्याकडची हॅमची पिढी स्वतःच जोडायला शिकली. अमेरिकी लष्करी सामान कित्येकदा ११५ व्होल्टचं निघे. आपल्याकडं २३०. मग ट्रान्सफॉर्मर उकला, तार मोजा, पुन्हा गुंडाळा.

आणि इथं करकंबचा नंबर लागतो.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ झालं, पुढच्या दोन दशकांत गावोगाव खांब पोचले. १९८० ला उजनी धरण पुरं झालं. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, उसामागं पाण्याच्या मोटरी आल्या. एका डीपीवर सगळे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडायचं. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते, तापते, जळते. म्हणून आमच्याकडं चहाच्या टपरीइतकी कशाची दुकानं असतील तर मोटर रिवाइंडिंगची. तांब्याची एनॅमल तार, लेदरॉइड कागद, स्लीव्ह, वार्निशचा वास. ज्याला मोटर भरता येते त्याला ट्रान्सफॉर्मरही भरता येतो. सोलापूरच्या डॉक्टरांचा डबा उगाच करकंबला आला नव्हता. मोठ्या शहरात सुटे भाग मिळत, इथं हात मिळत होते.

मी डबा उघडला तो त्याच हातांपैकी एकाजवळ बसून. बाजारपेठेत रिवाइंडिंग करणारे एक मामा आहेत, सत्तरीचे, आबांना ओळखणारे. मी स्क्रू काढून आत बोट घालणार तोच त्यांनी मनगट धरलं.

"दांडी कुठाय?"

"कसली दांडी?"

"आधी दांडी लावायची, मग हात घालायचा. आबानं एवढंबी शिकवलं न्हाय व्हय?"

लाकडी दांड्याच्या टोकाला तांब्याची तार, तारेचं दुसरं टोक डब्याच्या पत्र्याला. कपॅसिटरला ती टेकवायची म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. चाळीस वर्षं बंद असलेल्या डब्यात काही साठलेलं नसणार हे मलाही माहीत होतं आणि मामांनाही. पण सवय ही गरज असेल तेव्हा लावून चालत नाही. रोज लावावी लागते.

डब्यात काय दिसलं ते सांगतो, कारण तिथं एक जुनी गोष्ट लिहून ठेवल्यासारखी होती. ट्रान्सफॉर्मर आबांनी पुन्हा भरलेला. ५आर४ रेक्टिफायर शाबूत. एक चोक. ४५० व्होल्टचे दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकामागं एक जोडलेले, म्हणजे दोघांत मिळून ९००. त्यातला एक फुटून त्याचा चिकट रस पत्र्यावर वाळलेला. आणि कपॅसिटरला समांतर एक मोठा तारेचा रेझिस्टर, ज्याला ब्लीडर म्हणतात, तो मधोमध तुटलेला.

ब्लीडर ही सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. सतत गरम राहते, वीज खाते, नवशिक्याला वाटतं फुकट आहे, काढून टाकू. पण तिची दोन कामं असतात. एक, बंद केल्यावर कपॅसिटर रिकामे करणं. दुसरं जास्त बारीक. रेक्टिफायरनंतर आधी चोक असेल तर सहाशेच्या वाइंडिंगमधून साधारण पाचशे व्होल्ट स्थिर मिळतात, पण थोडा तरी करंट सतत वाहत असेल तरच. तो किमान करंट ब्लीडर वाहतो. ब्लीडर तुटला आणि ट्रान्समीटर गप्प असला, की तेच पाचशे चढत चढत साडेआठशेच्या घरात जातात. आणि बंद केल्यावरही तिथंच साठून राहतात. म्हणजे डबा बंद, दिवा बंद, पिन काढलेली, आणि आत माणूस फेकून देईल एवढी वीज गुपचूप बसलेली.

डब्याच्या बाजूला आबांनी एक फिरवायचा स्विच बसवला होता. वर रंगानं लिहिलेलं: १८०, २००, २३०, २५०. मला आधी कळलं नाही. मामांनी बघितल्याबरोबर सांगितलं, "ह्यो गावच्या लाइटीचा इलाज." पंप चालू असताना व्होल्टेज पडतं, तेव्हा स्विच १८० किंवा २०० वर ठेवायचा म्हणजे आत बरोबर सहाशे मिळतात. पंप बंद झाले, व्होल्टेज चढलं, की २५० वर. डब्याच्या आत वहीचा एक कागद चिकटवला होता. आबांच्या अक्षरात दिवसाचे आकडे होते: दुपारी १७५, रात्री २५५.

स्विच २०० वर होता.

मी हिशेब केला, दोनदा केला. दुपारी पडलेल्या व्होल्टेजवर टेस्ट करायला स्विच २०० वर घेतला. रात्री पंप बंद झाले, लाइट २५५ ला गेली, स्विच तिथंच राहिला. ब्लीडर तुटलेला. साडेआठशेचे जवळजवळ अकराशे झाले. कपॅसिटर सोसणार नऊशे. तो फुटला.

मी मामांना म्हटलं, "म्हणजे आबांची चूक झाली."

मामा बराच वेळ तार गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "रात्री अकराला, दिवसभर धा रेडिओ करून झाल्यावर तू बस आन् मग चूक म्हन."

त्यानंतर डबा माळ्यावर का गेला, याचं उत्तर मला तिथं मिळालं असं वाटतं. दुसऱ्याची वस्तू आपल्या हातून बिघडली. तसे कपॅसिटर गावात मिळेनात. आज आणू, उद्या आणू. पुढं ते राहिलंच.

आता दुरुस्तीचं. जुनी पॉवर सप्लाय पुन्हा चालवणाऱ्यापुढं एकच खरा प्रश्न असतो: काय बदलायचं आणि काय ठेवायचं. सोपा रस्ता म्हणजे रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून तिथं सिलिकॉन डायोड टाकायचे. स्वस्त, गार, टिकाऊ. पण रेक्टिफायर व्हॉल्व्ह तापायला थोडे सेकंद घेतो, व्होल्टेज हळू चढतं, आणि तो स्वतःकडं थोडे व्होल्ट ठेवून घेतो. डायोड बटण दाबताक्षणी सगळं पुढं ढकलतो, ट्रान्समीटरचे व्हॉल्व्ह अजून थंड असताना. जुन्या सामानावर तो धक्का बसतो. मुलीचंही म्हणणं होतं की बाबांचा व्हॉल्व्ह राहू द्या. राहू दिला.

पण जीवावर बेतणारं काहीही आठवण म्हणून ठेवायचं नाही, हे मी पक्कं केलं. फुटलेला आणि न फुटलेला, दोन्ही कपॅसिटर बाद. त्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे डबे पोकळ करून आत नवे बसवले, बाहेरून दिसायला तेच. ब्लीडर एकाऐवजी दोन, २५ वॅटचे, प्रत्येक कपॅसिटरला स्वतंत्र, म्हणजे दोघं व्होल्टेज सारखं वाटून घेतील आणि एक सेकंदाच्या आत रिकामे होतील. दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची, अर्थ थेट पत्र्याला. मोठ्या व्होल्टेजच्या बाजूला फ्यूज. स्विच काढला नाही, पण २३० वर ठेवून पट्टी लावून बंद केला. मेगर लावून ट्रान्सफॉर्मरचं इन्शुलेशन तपासलं. आबांचं वाइंडिंग उत्तम निघालं. मामा म्हणाले, "बघ की, वार्निश कसं पाजलंय."

मग चालू करणं. जुनं यंत्र थेट प्लगला लावायचं नसतं. आधी सिरीज बल्ब, म्हणजे आत कुठं शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि यंत्र वाचतं. तो नुसता मंद तांबूस झाला. मग डिमरस्टॅटवर पन्नास व्होल्ट, शंभर, दीडशे, प्रत्येक पायरीला थांबून वास घेत. हसू नका, नाक हे मीटरच्या आधी सांगतं. आउटपुटला ट्रान्समीटर नव्हता, म्हणून पंचवीस वॅटचे तीन साधे बल्ब एकामागं एक जोडले. पाचशे व्होल्ट तिघांत वाटले जातात आणि साधारण ट्रान्समीटरएवढाच करंट वाहतो.

२३० ला आणल्यावर चोक गुणगुणायला लागला. तोच हा आवाज. तिन्ही बल्ब एकसारखे पिवळे उजळले. मीटरवर ४९०. मामांनी कौतुक वगैरे काही केलं नाही. म्हणाले, "बंद कर. आन् दांडी लाव." बंद केलं, एक सेकंद मोजला, काटा शून्यावर आला. दांडी लावली. ठिणगी नाही.

मी रोज सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडं चूक झाली तर मागची प्रत परत आणता येते. या कामात मागची प्रत नसते. म्हणून त्या लोकांनी सगळं सवयीत ठेवलं होतं: एक हात खिशात, दांडी आधी, स्विच बघ, मग बस. या सवयी कुठल्या पुस्तकापेक्षा हातातून हातात गेल्या. आता व्हॉल्व्ह जोडणारे थोडे उरलेत आणि ट्रान्सफॉर्मर भरणारे म्हातारे झालेत. म्हणून मी आबांच्या कागदाशेजारी दुसरा कागद चिकटवलाय: काय बदललं, कधी, कोणत्या किमतीचं, आणि पहिल्या ओळीत दांडी. वीस वर्षांनी जो कोणी हा डबा उघडेल त्याला हिशेब दोनदा करावा लागू नये.

रेकॉर्डिंगनंतरच्या रविवारी डबा सोलापूरला पोचवला. मुलीनं चिठ्ठी सोडवून घेतली, ठेवून दिली. ट्रान्समीटर शेजारी ठेवला, पण जोडला नाही. त्याच्या आतले कागदी कपॅसिटर अजून तपासायचेत, तेही त्याच वयाचे आहेत. पुढच्या महिन्यात मामांना घेऊन जायचंय. प्रवासाला तयार आहेत, फक्त म्हणतात की दांडी स्वतःची आणणार.

तुमच्याकडं माळ्यावर असं काही असेल तर उघडायच्या आधी कुणा जाणत्याला बोलवा. भेटू पुढच्या भागात.